आप्पा, तुमच्या एमएटीवरून आजोबा देवळात जायचे

ती. आप्पांना,

राम कृष्ण हरी. आणि आजोबांच्या वतीनं जय ख्रिस्त.

तुम्हाला समोर बसून काही सांगायला गेलं की तुम्ही "आवं, त्यात काय येवढं" म्हणता आणि गोठ्याकडे निघून जाता. आजोबांना माती दिली त्या संध्याकाळी असंच झालं. पुढच्या मे महिन्यात घराची कौलं नीट करायला आलो तेव्हाही असंच. म्हणून चारचौघांसमोर लिहिते आहे. तुमची नात वाचून दाखवेल. या वेळी उठून जाऊ नका.

नेवासे तालुक्यातल्या आमच्या त्या घरातला नाताळ तुम्ही माझ्या जन्माच्याही आधीपासून पाहिलाय. 23 डिसेंबरला नगरहून, पुण्याहून, बोरिवलीहून आम्ही 22 जण उतरायचो. माजघरात अंथरुणं भिंतीपासून भिंतीपर्यंत. करंज्या आणि शंकरपाळ्या काकू-आत्यांकडे, पण नानकटाईला आजी कुणाला हात लावू द्यायची नाही. परातीत तूप-साखर तळहातानं इतका वेळ फेसायची की तूप पांढरंशुभ्र व्हायचं. मग त्यातला एक थेंब वाटीभर पाण्यात टाकायची. तरंगला तरच मैदा घालायचा. माप एकच, पोचा पडलेला पितळी पेला. गोळे मांडलेले पत्रे डोक्यावर घेऊन आम्ही पोरं बेकरीत जायचो, आणि भाजून होईपर्यंत भट्टीच्या उबेला बसून राहायचो.

चांदणीच्या कामट्या तुम्हीच तासून द्यायचात. पतंगाचा कागद आम्ही खळीनं चिकटवायचो आणि ती लिंबावर बांधायला पुन्हा तुम्हीच चढायचात. 24 च्या रात्री कॅरल म्हणत घरोघर फिरलो की शेवटचं घर तुमचं. लहानपणी मला वाटायचं, आपलं गावच एवढं, म्हणून तुमच्या दारात संपतं. नंतर कळलं, तुमच्या वस्तीवर आगटी पेटलेली असायची, हुरडा भाजलेला असायचा, म्हणून आजोबा मुद्दाम तुमचं घर शेवटी ठेवायचे. गोवऱ्यांच्या धगीवरची ती गरम कणसं तुम्ही तळहातावर चोळायचात, फुंकर मारून कोंडा उडवायचात आणि हिरवे दाणे थेट आमच्या ओंजळीत. सोबत लसणाची चटणी. मग आजोबा गळ्यातली पेटी खाली ठेवायचे, तुम्ही पखवाज काढायचात, आणि बाळ येशूची गाणी वारकरी ठेक्यात पहाटेपर्यंत चालायची.

2017 साली आजी गेली. त्याच पावसाळ्यात आजोबा न्हाणीत घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. आम्ही त्यांना पुण्याला नेलं. दोन महिन्यांत परत आले, कारण रविवारी उपासनेत आपली पेटी कोण वाजवणार, हा एकच प्रश्न ते सगळ्यांना विचारत होते. त्या वर्षापासून आमचं गावी जाणं कमी होत गेलं. भावाभावांत घराच्या वाटणीवरून बोलणं थांबलं होतं, मुलांच्या परीक्षा होत्या, नोकऱ्या होत्या. मी कारणं सांगत नाही, आप्पा. आम्ही गेलो नाही, एवढंच खरं आहे.

तुम्ही गेलात. दर रविवारी साडेनऊला एमएटीचा, म्हणजे तुमच्या त्या एम-80 दुचाकीचा, आवाज अंगणात. सीटवर गोणपाटाची घडी, म्हणजे खुब्याला टोचू नये. काठी पायापाशी आडवी. "मास्तर, धरा मला गच्च." मग तुमच्या घरच्या काकूंनी मागून आजोबांचं धोतर चाकात जाणार नाही असं खोचायचं. देवळाच्या तीन पायऱ्या तुम्ही त्यांना पाठीवर घेऊन चढायचात. (आजी चर्चला देऊळच म्हणायची, मीही तेच म्हणते.) पहिल्या वर्षी तुम्ही बाहेर चिंचेखाली थांबायचात. मग पाळकसाहेबांनी आत बोलावलं, मग शेवटच्या बाकावर बसू लागलात, आणि एका उपकारस्तुतीच्या, म्हणजे देवाचे आभार मानायच्या, रविवारी कुणीतरी पखवाज तुमच्यापुढे ठेवला. हे मला आजोबांनी फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा लागला होता.

आषाढीला तुम्ही दिंडीत निघालात की दोन-तीन रविवार तुमचा मुलगा यायचा. पंढरपूरहून परतलात की प्रसादाचे चुरमुरे आधी मास्तरांच्या ओट्यावर.

मार्च 2020 मध्ये देवळं, मशिदी, चर्च सगळं बंद झालं. आम्हाला वाटलं, निदान आता तुमची धावपळ थांबली. पण तुम्ही रविवारी साडेनऊला आलातच. तोंडाला उपरणं बांधून अंगणात बाजेवर बसायचात, आजोबा ओट्यावर खुर्चीत. ते शास्त्रपाठ वाचायचे, भजन व्हायचं, प्रार्थना व्हायची, आणि मग गप्पा. त्या गप्पांतूनच तुम्हाला आमच्या मंडळीचा इतिहास माझ्यापेक्षा जास्त माहीत झालाय. अमेरिकन मराठी मिशननं 1831 मध्ये नगरला ठाणं घातलं, 1842 मध्ये नगरलाच ज्ञानोदय हे नियतकालिक निघू लागलं, 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा आजोबा तीस वर्षांचे होते, हे सगळं तुम्ही दफनाच्या दिवशी पुण्याच्या पाहुण्यांना सांगत होतात. तुम्ही एकदा विचारलं होतं म्हणे, "मास्तर, तुमच्या देवळात टाळ-पखवाज आला कुठनं?" आणि आजोबांनी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गोष्ट सांगितली. 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, नगरला येऊन राहिले, आणि परक्या चालींवर गाणाऱ्या मंडळीला अभंग आणि कीर्तन दिलं. त्यावर तुम्ही म्हणालात, "मंग ह्यो आपलाच की." ज्ञानदेवांच्या नेवाशातल्या माणसानं हे म्हणावं, याचा आजोबांना फार आनंद होता. निदान दहा वेळा त्यांनी मला हे ऐकवलं असेल.

16 नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, प्रार्थनास्थळं उघडली. पुढच्याच रविवारी पुन्हा गोणपाटाची घडी.

त्या वर्षीच्या नाताळाला आमच्या घरात तिघांना कोरोना होता. कुणीच येऊ शकलं नाही. 25 तारखेला शुक्रवार होता. दुपारी तुमच्या नातवानं व्हिडिओ कॉल लावला. ओट्यावर आजोबा, अंगात आजीनं विणलेला स्वेटर, पुढ्यात पेटी. लिंबावर चांदणी. आणि काकूंनी पुढे केलेलं ताट: नानकटाई. मला वाटलं बेकरीतली असेल. आजोबांनी एक मोडून तोंडात टाकली आणि कॅमेऱ्याकडे न बघता म्हणाले, "तिचीच आहे." मग काकूंनी पदराआडून पितळी पेला काढून दाखवला.

आजी गेल्यावर तो पेला आम्ही सगळ्यांनी शोधला होता. कुणी नेला यावरून घरात वाईट शब्दही गेले. तिनं तो जायच्या आधीच्या नाताळात काकूंना दिला होता. तूप किती फेसायचं, थेंब कसा तरंगवायचा, हेही शेजारी बसवून शिकवलं होतं. आपल्या सुनांना, लेकींना नाही, काकूंना. कारण तिला ठाऊक होतं, 25 तारखेला मास्तरांच्या जवळ कोण असणार आहे. त्या दिवशी फोन ठेवून मी खूप रडले, आप्पा. पेल्यासाठी नाही.

ऑगस्ट 2022 मध्ये आजोबा गेले. कबरीपाशी शेवटची माती पडली आणि पाळकसाहेबांची प्रार्थना संपल्यावर क्षणभर कुणालाच काही सुचेना, तेव्हा तुम्ही टाळ वाजवायला सुरुवात केली. माझे वडील आणि काका पाच वर्षांनी एकमेकांशेजारी उभे राहून त्या ठेक्यात गायले. त्यानंतर वाटणीचं बोलणं निघालेलं नाही. घर तसंच आहे, सगळ्यांचं.

काकूंना सांगा, पेला परत द्यायचा म्हणून त्यांनी दोनदा निरोप पाठवला, तो आम्ही घेणार नाही. तो जिथे आहे तिथेच बरा आहे. फक्त यंदा परातीशी मला बसू द्या. माझा हात तूप फेसायला पुरतो का, ते त्यांनीच बघावं.

23 ला संध्याकाळपर्यंत आम्ही 14 जण पोचतोय, काकाही येताहेत. पेटी मी पुण्याहून परत आणते आहे. मधली एक पट्टी पुन्हा अडकायला लागली आहे, तुम्ही ती सुईनं कशी सोडवायचात ते इथे कुणालाच जमलं नाही. कामट्या तासून ठेवा. चांदणी बांधायला मात्र तुम्ही झाडावर चढायचं नाही, माझा मुलगा चढेल. तुम्ही खालून सांगा.

तुमची,
मास्तरांची थोरली नात