मुक्ताला पत्र: हॉवर्डच्या वकिलांबद्दल

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या, मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या हॉवर्ड विद्यापीठाच्या नामवंत विद्यार्थ्यांवर कॉलेजात टिपण सादर करायचंय म्हणून तू नावं मागितलीस. घे: थरगूड मार्शल आणि ऑलिव्हर हिल (दोघेही कायदा, 1933, वर्गात पहिले आणि दुसरे), स्पॉट्सवुड रॉबिन्सन (1939), रॉबर्ट कार्टर (1940), पॉली मरे (1944). टोनी मॉरिसन आणि कमला हॅरिसही याच विद्यापीठाच्या, पण त्यांना या टिपणात ओढू नकोस. वरच्या पाच जणांचा हात एकाच कामाला लागलेला आहे. ते काम नीट मांडलंस तर यादीची गरजच उरणार नाही.

काम काय, तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा 1896 चा प्लेसी निकाल मोडून काढणं. कृष्णवर्णीयांना 'वेगळे ठेवा, पण समान द्या' अशी मुभा त्या निकालाने राज्यांना दिली होती. राज्यांनी वेगळं ठेवलं आणि समान कधीच दिलं नाही.

सुरुवात चार्ल्स ह्यूस्टन यांच्यापासून कर. ते स्वतः हार्वर्डचे, पण 1929 साली हॉवर्डच्या कायदा विभागाचे व्हाइस-डीन झाले. त्यांनी संध्याकाळचे वर्ग बंद केले आणि कॉलेज पूर्ण वेळेचं केलं. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांची वाट त्यामुळे बंद झाली आणि जुने विद्यार्थी चिडले. तो राग रास्त होता, टिपणात तो लपवू नकोस. पण 1931 मध्ये कॉलेजला राष्ट्रीय मान्यता मिळाली ती याच बदलामुळे.

आता मुख्य मुद्दा. प्लेसीवर सरळ हल्ला चढवला असता आणि कोर्टाने नाही म्हटलं असतं, तर तोच निकाल आणखी घट्ट झाला असता. म्हणून ह्यूस्टन यांनी आधी 'वेगळे' हा शब्द बाजूला ठेवला आणि 'समान' हा शब्द धरला. दाव्यांसाठी जागा निवडली ती कायद्याच्या कॉलेजांची. कारणं तीन. दक्षिणेकडच्या बहुतेक राज्यांत कृष्णवर्णीयांसाठी कायद्याचं कॉलेजच नव्हतं, त्यामुळे असमानता सिद्ध करायला मोजपट्टी लागत नव्हती. प्रवेश मागणारे मोजकेच, म्हणून शाळांच्या मानाने विरोध कमी. आणि कायद्याच्या कॉलेजात माणूस काय कमावतो हे न्यायाधीशाला वेगळं सांगावं लागत नाही, तो तिथूनच आलेला असतो. हे तिसरं कारण मला सगळ्यात हुशारीचं वाटतं.

पहिला दावा मेरीलँडचा, डोनाल्ड मरे या विद्यार्थ्याचा. ह्यूस्टन आणि मार्शल यांनी तो 1935 मध्ये बाल्टिमोरच्या कोर्टात जिंकला, 1936 च्या जानेवारीत अपिलातही टिकला. पण राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलंच नाही, म्हणून निकाल मेरीलँडच्या हद्दीतच राहिला. खालच्या कोर्टात जिंकण्याचा हा तोटा तुला पुढे वकिलीतही भेटेल.

म्हणून मिझुरीचा लॉइड गेन्स. 'शेजारच्या राज्यात शिक, फी आम्ही भरतो,' असं राज्य म्हणत होतं. 1938 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सोय आपल्याच हद्दीत करावी लागेल. राज्याने घाईघाईने सेंट लुइसमध्ये वेगळं कॉलेज उघडलं. ते समान आहे का, याचा पुरावा आता खालच्या कोर्टात द्यायचा होता, आणि 1939 च्या मार्चमध्ये गेन्स शिकागोतून नाहीसा झाला. तो पुन्हा कुणाला दिसला नाही. वादीच नाही म्हटल्यावर दावा संपला. जिंकलेली बाजू एका माणसाच्या नसण्याने हातची गेली. पुढे व्हर्जिनियात एकाच दाव्यात 117 विद्यार्थी उभे केलेले दिसतील, तेव्हा हे आठव.

यानंतर स्वेट विरुद्ध पेंटर, 1950. हा निकाल मूळातून वाच, पेन्सिल हातात घेऊन. टपाल खात्यात काम करणाऱ्या हेमन स्वेट यांना टेक्सास विद्यापीठाने वर्णावरून कायद्याला प्रवेश नाकारला होता. दावा चालू असतानाच राज्याने वेगळं कॉलेज काढलं. निकालात दोन्हींचं मोजमाप आहे. एकीकडे 16 पूर्णवेळ आणि 3 अर्धवेळ प्राध्यापक, 850 विद्यार्थी, 65,000 हून जास्त ग्रंथ. दुसरीकडे नंतर सुधारलेल्या स्थितीतही 5 प्राध्यापक, 23 विद्यार्थी, 16,500 ग्रंथ. हे आकडे युक्तिवादाच्या दिवशी कुणी तोंडी सांगितलेले नाहीत. साक्षीदार तपासून, कागद दाखल करून ते आधीच रेकॉर्डवर आणलेले होते. आणि आकड्यांच्या पुढे जाऊन कोर्ट म्हणतं की नावलौकिक, माजी विद्यार्थ्यांचं वजन, पुढे ज्यांच्यासमोर वकिली करायची त्यांची ओळख, या न मोजता येणाऱ्या गोष्टीही समानतेत धरायच्या. इथे 'वेगळे' हा शब्दच डळमळला, कारण न मोजता येणारं वेगळ्या इमारतीत बांधून देता येत नाही. ह्यूस्टन हे पाहायला नव्हते, निकालाच्या सहा आठवडे आधी वयाच्या 54 व्या वर्षी गेले.

याच्या शेजारी महाडचा दावा ठेवून वाच. चवदार तळ्यावरून बाबासाहेबांविरुद्ध सवर्णांनी केलेल्या दाव्याचा मुंबई उच्च न्यायालयातला निकाल 17 मार्च 1937 चा, म्हणजे याच काळातला. तिथेही भाषणाने काही ठरलं नाही. अनादि काळापासूनची वहिवाट शाबित करण्याची जबाबदारी वादींवर होती, ती त्यांना पार पाडता आली नाही. टेक्सासमध्ये शाबित करण्याचं ओझं स्वेट यांच्या वकिलांवर होतं. हा फरक टिपणात नक्की घे.

पॉली मरे यांच्याबद्दल लोक एका ओळीत उरकतात, तू तसं करू नकोस. वर्गात त्या एकट्या स्त्री, आणि पहिल्या आल्या. पुढच्या शिक्षणासाठी हार्वर्डने त्यांना नाकारलं ते स्त्री म्हणून. हॉवर्डमध्ये असताना त्यांनी वर्गात म्हटलं की 'समान' पुरे झालं, 'वेगळे' यावरच घाव घाला. वर्ग हसला. त्यांनी प्राध्यापक रॉबिन्सन यांच्याशी 10 डॉलरची पैज लावली की 25 वर्षांच्या आत प्लेसी जाईल, आणि शेवटच्या वर्षाचा निबंध त्यावरच लिहिला. शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या ब्राउन खटल्याच्या तयारीत रॉबिन्सन यांनी तोच निबंध बाहेर काढला. मरे यांना हे कळायला बरीच वर्षं गेली. प्लेसी 10 वर्षांत गेला.

तोवर व्हर्जिनियातल्या फार्मव्हिलमध्ये 180 मुलांसाठी बांधलेल्या शाळेत 450 हून जास्त मुलं कोंबली होती. 16 वर्षांच्या बार्बरा जॉन्सने 23 एप्रिल 1951 ला संप घडवला. मुलांना नवी इमारत हवी होती. हिल आणि रॉबिन्सन यांनी अट घातली: इमारत मागू नका, एकत्र शाळा मागा, तरच दावा घेतो. हा दावा पुढे ब्राउनमध्ये जोडला गेला. सर्वोच्च न्यायालयात उभं राहण्याआधी वकील हॉवर्डमध्ये रंगीत तालीम करत. प्राध्यापक न्यायाधीश होऊन बसत आणि विद्यार्थीही प्रश्न विचारत. मूट कोर्टाचा कंटाळा येतो म्हणतेस ना, त्याचा खरा उपयोग हा.

17 मे 1954 ला ब्राउनचा निकाल आपल्या बाजूने लागला, नऊ विरुद्ध शून्य. बहुतेक टिपणं इथे थांबतात, तू थांबू नकोस. 1955 च्या दुसऱ्या आदेशात कोर्टाने मुदत घातली नाही, फक्त 'विचारपूर्वक त्वरेने' अंमल करा म्हटलं. फार्मव्हिलच्या त्याच प्रिन्स एडवर्ड काउंटीने 1959 मध्ये सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लावलं. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली, कृष्णवर्णीय मुलं पाच वर्षं सरकारी शाळेविना राहिली. त्याविरुद्धच्या ग्रिफिन खटल्यात रॉबर्ट कार्टर यांनी बाजू मांडली आणि 1964 मध्ये कोर्टाने सांगितलं की गरज पडली तर काउंटीला कर बसवायला लावून शाळा उघडून घेता येतील. दावा लिहिताना मागणीच्या परिच्छेदात मुदत आणि पैसा कुठून येणार हे का घालायचं, ते हा निकाल वाचून तुला कळेल.

कच्चा मसुदा झाला की पाठव. रात्री जेवून वाचायला बस.

तुझी,
आई