आयोवातल्या ट्रॅक्टरवाल्या आजोबांचे आभार

प्रत्येक काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, सर्वोच्च बिंदू गाठायचा हा छंद. अमेरिकेतल्या आयोवाच्या वायव्य भागात असा बिंदू म्हणजे शेतातला जेमतेम उंचवटा. राज्यातलं सर्वांत उंच ठिकाण, हॉकाय पॉइंट, तेही १,६७० फूटच. नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) दहा-दहा फुटांनी असतात. एकाच उंचीची दोन वर्तुळं दिसली की कुठला उंचवटा खरा उंच ते कळत नाही, दोन्हीकडे जावंच लागतं.

तिथला रस्ता ‘लेव्हल बी’, म्हणजे खडी नसलेली नुसती माती. पावसानंतर चिखल चाकांच्या कमानीत घट्ट बसला आणि गाडी रुतली.

ट्रॅक्टर घेऊन आलेल्या आजोबांनी जराही घाई केली नाही. बंपरचं झाकण काढून ओढायचा हुक आट्यांत शेवटपर्यंत पिळला, कारण अर्धवट बसलेला हुक निसटला की काच फोडतो. साखळीऐवजी रुंद पट्टा लावून गाडी मागेच ओढली, पुढे जमीन आणखी ओली होती. पक्क्या रस्त्यावर आल्यावर गुडघ्यावर बसून काठीने रिमच्या आतला चिखल खरवडून काढला. तो राहिला तर वेगात चाक थरथरतं. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं!

सोयाबीनचं शेतही त्यांचंच निघालं. पिकाच्या ओळींमधून चाला, एवढंच म्हणाले. हँड लेव्हलने (समपातळीची रेषा दाखवणाऱ्या हातातल्या नळीने) पाहताना बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर रुमाल बांधलेली काठी घेऊन दुसऱ्या उंचवट्यावर उभेही राहिले. रेषा रुमालाच्या खाली लागली, म्हणजे तो दुसरा उंचवटाच उंच.

पैसे घेतले नाहीत, नावही सांगितलं नाही. आजोबा, मनापासून आभार. यंदा पीक भरघोस येवो.