बूथच्या घरातल्या ग्रंथपालबाईंस

आदरणीय ग्रंथपालबाईंस,

स. न. वि. वि.

न्यूयॉर्कच्या ग्रॅमर्सी पार्कमधील ‘द प्लेअर्स’ या क्लबच्या वास्तूत, म्हणजे एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन नट एडविन बूथ याच्या घरातल्या ग्रंथालयात, आपण मला जी वागणूक दिलीत, तिच्याबद्दल हे पत्र मुद्दाम मराठीत लिहिते आहे, कारण ती आमच्याकडच्या नाट्यरसिकांनाही कळायला हवी.

मी कोणत्याही विद्यापीठाची संशोधक नाही. न्यू जर्सीत मराठी नाटकांत काम करणारी हौशी नटी आहे. याआधी जुने नाट्यसाहित्य पाहायला जिथे गेले तिथे मार्गदर्शकाचे पत्र मागितले गेले. मायदेशी एका संस्थेत तर जुन्या नाटकांच्या जाहिरातींचा वाळवी लागलेला गठ्ठा समोर दिसत असताना ‘साहेब रजेवर आहेत’ एवढेच उत्तर मिळाले, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही.

आपण मात्र पहिलाच प्रश्न विचारलात, “तुमच्याकडे हॅम्लेट कोण करायचे?”

आगरकरांनी 1882 साली डोंगरीच्या तुरुंगात हॅम्लेटचे ‘विकारविलसित’ हे मराठी भाषांतर केले आणि शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी ते रंगभूमीवर गाजवले, हे मी सांगू लागले, तेव्हा आपण हातातले काम बाजूला ठेवलेत, पेन्सिल घेतलीत आणि गणपतरावांच्या नावाचा उच्चार माझ्याकडून दोनदा म्हणवून घेऊन ते टिपून ठेवलेत. आमचा नट आपल्याला एडविन बूथच्या पंगतीला बसवण्याजोगा वाटला, याने मला भरून आले. मग बूथच्या रंगावृत्तीवरील, म्हणजे प्रयोगाच्या सूचना लिहिलेल्या त्याच्या नाटकाच्या प्रतीवरील, पुसट अक्षर मला लागेना, तेव्हा कागदाला स्पर्श न करता, बोट जरा वर धरून, कुठे थांबायचे आणि कुठे आवाज उतरवायचा हे आपण मला वाचून दाखवलेत. आपल्याला अर्थातच ते पाठ असणार. पण माझ्यासाठी आपण जणू पहिल्यांदाच वाचत होता.

सलग शंभर रात्री हॅम्लेट करून 1865 च्या मार्चमध्ये कीर्तीच्या शिखरावर पोहोचलेल्या या नटाच्या सख्ख्या भावाने पुढच्याच महिन्यात लिंकनची हत्या केली. बूथने रंगभूमी सोडली. पण 1866 च्या जानेवारीत तो परतला, तोही हॅम्लेट म्हणूनच. नटाला समाजात मान मिळावा आणि रंगभूमीचा इतिहास जपला जावा म्हणून 1888 मध्ये त्याने आपले हे घर, पुस्तके आणि नाटकाचे सामान ‘द प्लेअर्स’ला देऊन टाकले आणि स्वतः वरच्या मजल्यावर राहिला; 1893 मध्ये तिथेच त्याचा अंत झाला. त्याची ती खोली आजही तशीच ठेवली आहे. ज्या घराच्या मालकाने नटांसाठी एवढे केले, त्या घरात एका हौशी नटीला ताटकळत ठेवले गेले नाही, हे मला फार मोठे वाटते. इतके साधे सौजन्य सगळीकडे का मिळू नये?

‘विकारविलसित’ची प्रत मी आपल्या संग्रहासाठी पाठवते आहे. सोबत गणपतरावांविषयी इंग्रजीत चार पाने लिहून जोडली आहेत. आणखी काही हवे असल्यास अवश्य कळवावे.

आपली ऋणी,
न्यू जर्सीची एक हौशी नटी