उंदरांचे खाद्यही बातमीत हवे

संपादक महोदय,

अमुक औषधाने किंवा वनस्पतीच्या अर्काने मधुमेही उंदरांच्या, मज्जातंतू बिघडल्याने होणाऱ्या वेदना कमी झाल्या, अशा बातम्या अधूनमधून वाचनात येतात. त्यात औषध असते, मात्रा असते. पिंजऱ्यात खाद्य कोणते होते, हे क्वचितच असते. ही उणीव मला किरकोळ वाटत नाही.

स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन टोचले की स्वादुपिंडातील, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट होऊन उंदराला मधुमेह होतो. मग त्याच्या तळपायाला तंतू टोचून किंवा उष्णता लावून तो पाय किती लवकर मागे घेतो, हे मोजतात. पण वेदनेची ही जाणीव केवळ साखरेवर ठरत नाही. मज्जातंतूला इजा केलेल्या, मधुमेह नसलेल्या उंदरांत इजेच्या आधी सोयाबीनयुक्त आहार दिल्यास पुढची वेदना सौम्य राहिल्याचे आढळले आहे. उलट, अतिस्निग्ध आहाराने मधुमेह पुरता जडण्याआधीच मज्जातंतूंचे काम बिघडते आणि साधे खाद्य सुरू केल्यावर त्यात सुधारणाही दिसते.

आता गंमत नव्हे, गांभीर्य पाहा. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या गोळीखाद्यात सोयाबीन बऱ्याचदा असतेच, आणि त्यातील आयसोफ्लेवोन या सोयाबीनमधल्या घटकाचे प्रमाण दर खेपेला सारखे नसते. शिवाय मधुमेही उंदीर निरोगी उंदरांपेक्षा पुष्कळ जास्त खातात. म्हणजे खाद्य एकच ठेवले तरी दोन्ही गटांच्या पोटात सोयाबीन सारख्याच प्रमाणात जात नाही. त्यात तपासायच्या औषधाने भूकच मंदावली, तर फरक औषधाचा की कमी खाण्याचा, हे कसे सांगणार?

प्राण्यांवरील संशोधन कसे मांडावे याची ‘अराइव्ह’ ही मार्गदर्शक तत्त्वे २०१० साली आली. २०२० च्या सुधारणेत निवारा व संगोपनाचा मुद्दा अत्यावश्यक दहा बाबींत नाही, शिफारस केलेल्या बाबींत आहे. निदान वेदनेच्या प्रयोगांत तरी खाद्याचा घटकवार तपशील सक्तीचा असावा, असे मला मनापासून वाटते. या मुक्या जिवांना आपण जाणूनबुजून वेदना देतो. त्यातून निघालेला निष्कर्ष तरी पक्का असायला हवा.

आपल्या विज्ञान प्रतिनिधींनीही संशोधकांना खाद्याबद्दल जरूर विचारावे. आणि बातमी उंदरांची असेल तर तसे मथळ्यातच लिहावे, म्हणजे मधुमेहामुळे पायांची आग सोसणारा कोणी रुग्ण ती वाचून आपली औषधे बंद करणार नाही.

– एक नियमित वाचक