बिंदुनामावली लोकांसमोर ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी नोकरभरतीचा विषय निघाला की 'गुणवत्ता की आरक्षण' असा वाद सुरू होतो. परंतु आस्थापना शाखेत ज्यांनी बिंदुनामावलीची, म्हणजे कोणती जागा कोणत्या प्रवर्गासाठी आहे हे क्रमवार दाखवणाऱ्या यादीची, नोंदवही सांभाळली आहे, त्यांना या दोहोंत भांडण दिसत नाही. मी ती वही तेरा वर्षे लिहिली. बिंदू क्रमांक, त्यापुढे प्रवर्ग, नेमलेल्या व्यक्तीचे नाव, नेमणुकीचा दिनांक आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. एका भरतीत इतर मागासवर्गातील एक मुलगी कोणतीही सवलत न घेता खुल्या गुणवत्तेवर निवडली गेली, तेव्हा तिचे नाव मी खुल्या बिंदूवर लिहिले आणि तिच्या प्रवर्गाची जागा शाबूत राहिली. राज्यघटनेनेही समान संधी आणि आरक्षण यांची तरतूद अनुच्छेद १६ या एकाच अनुच्छेदात केली आहे. ही वही मागासवर्ग कक्षाकडून तपासून आल्याखेरीज रिकाम्या जागा भरण्यासाठीचे आमचे मागणीपत्र पुढे जात नसे.

बाह्ययंत्रणेमार्फत, म्हणजे ठेकेदाराकडून, माणसे घेतली की हे सारे बाजूला पडते. माझ्या नोकरीच्या अखेरच्या काळात आमच्याकडे लिपिकाचेच काम करणारी मुले ठेकेदाराच्या यादीतून येत. ती मनापासून काम करीत, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण त्यांची निवड कोणत्या परीक्षेतून झाली, हे मला कोणी सांगू शकले नाही आणि माझ्या वहीत त्यांच्यासाठी एकही ओळ नव्हती. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी पदे भरण्याचा राज्य शासनाचा निर्णय लोकक्षोभामुळे महिन्या-दीड महिन्यात रद्द झाला, हे चांगलेच झाले. तथापि कार्यालयागणिक शांतपणे होणाऱ्या अशा नेमणुकांवर कोणी मोर्चा काढत नाही.

शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या आदेशाने करवीर संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांसाठी राखल्या, तेव्हा खातेप्रमुखांनी नेमणुकांचे तिमाही पत्रक सरकारला पाठवावे, असेही त्यात बजावले होते. आज प्रत्येक कार्यालयाने आपली संवर्गनिहाय बिंदुनामावली दर तिमाहीला संकेतस्थळावर ठेवावी, आणि ठेकेदारामार्फत भरलेली प्रत्येक जागा, ती किती काळ तशीच चालली आहे यासह, त्याच पत्रकात दाखवावी, अशी माझी सामान्य प्रशासन विभागाला कळकळीची विनंती आहे.

– एक निवृत्त कार्यालय अधीक्षक, सातारा