भांडण शुभेच्छेच्या शब्दावर कशाला?

महोदय,

डिसेंबर उजाडला की अमेरिकेतून ठरलेली बातमी येते. दुकानदार ‘मेरी ख्रिसमस’ऐवजी ‘हॅपी हॉलिडेज’ म्हणतात, म्हणून काही ख्रिस्ती संतापतात. २००५ मध्ये ‘अमेरिकन फॅमिली असोसिएशन’ या पुराणमतवादी ख्रिस्ती संघटनेने एवढ्याच कारणावरून ‘टार्गेट’ दुकानांवर बहिष्काराची हाक दिली होती. २०१५ मध्ये ‘स्टारबक्स’ या कॉफी-दुकानांचा नाताळ-हंगामातला पेला नक्षीविना नुसता लाल निघाला, त्यावरूनही वाद पेटला.

‘हॉलिडे’ मुळात ‘होली डे’, म्हणजे पवित्र दिवस. ख्रिसमसचे लघुरूप ‘एक्समस’, त्यातले एक्स हे ग्रीक भाषेतल्या ख्रिस्तनामाचे पहिले अक्षर. आपला ‘नाताळ’ पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला. त्याचा अर्थ जन्म. त्यात ‘ख्रिस्त’ हा शब्दच नाही. तरी वसईत वा गोव्यात कुणाची श्रद्धा त्यामुळे उणी झालेली नाही. शिवाय अमेरिकेत ख्रिसमसवर खरी बंदी घातली होती ती कडव्या ख्रिस्ती लोकांनीच. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांनी १६५९ मध्ये हा सण पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरवला. तो कायदा १६८१ मध्ये रद्द झाला.

खटकायचेच असेल तर कालगणना खटकावी. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो. दुकानांची ख्रिसमस-विक्री त्याआधीच सुरू झालेली असते. आगमनकाळ वाट पाहण्याचा: वेदीवर जांभळा रंग, फक्त तिसऱ्या रविवारी गुलाबी, आणि रविवारच्या मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत नाही. नाताळकाळ सुरू होतो तो २४ डिसेंबरच्या संध्याकाळी आणि चालतो जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत. पण २६ तारखेला दुकानांतल्या आराशी उतरू लागतात आणि शुभेच्छेचा आग्रह धरणारेही गप्प होतात. म्हणजे हे वेळापत्रक बाजाराचे, आपण ते श्रद्धेचे समजून लढतो.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (२:१५-१६) नेमका हाच प्रश्न आहे. उघड्या-उपाशी माणसाला ‘ऊब घ्या, पोटभर जेवा’ म्हटले आणि हातावर काहीच ठेवले नाही, तर त्या शब्दांचा उपयोग काय? मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी आणि बंदिवान यांचीच विचारणा होते. अभिवादन कोणत्या शब्दांत केले, हे तिथे कुणी विचारत नाही.

गल्ल्यावरची मुलगी मालकाने सांगितलेले शब्द उच्चारते. तिला सुनावून काय साधते? बहिष्काराची पत्रे लिहिणाऱ्यांनी दुकानाच्या व्यवस्थापनाला दुसरे प्रश्न विचारावेत. २४ डिसेंबरला दुकान किती वाजता बंद होते? शेवटच्या पाळीतल्या कामगाराला रात्रीची मिस्सा गाठता येते का? २५ तारखेच्या सुटीचा पगार कंत्राटी आणि तात्पुरत्या माणसांनाही मिळतो का?

— एक ख्रिस्ती वाचक, वसई