खालच्या छताबद्दल

प्रिय मित्रा,

काल फोनवर तू चिडून म्हणालास, "माझी बाथरूम कोरडी ठणठणीत आहे, मग खालच्यांचं छत ओलं कसं?" अगदी हेच मला माझ्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी ऐकवलं होतं. तेव्हा मी खालच्या घरात होतो, म्हणून लिहितोय.

आमच्या बेडरूममध्ये पंख्याच्या हुकाशेजारी पिवळट डाग उमटला. रोज रात्री स्टुलावर चढून मी त्याच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढायचो आणि तारीख टाकायचो. आठवड्याने रंगाला फोड आले. बोट लावलं तर पापुद्रा सुटला आणि आत मिठासारखी पांढरी भुकटी. पाणी सिमेंटमधले क्षार विरघळवून सोबत आणतं, ती ही. आपल्याच अंथरुणावर ती झडताना बघणं फार जिवाला लागतं रे.

आणि वर बाथरूम होती कुठे? बेडरूमच्या पलीकडे! म्हणून काकांना पटेना. नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीतलं पाणी जाळीतून जिथे खाली जातं त्या तोंडाच्या, कडेची फट मोकळी झाली होती. पाणी टाइल्सखाली मुरत, स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाइपाला धरून थेट पंख्यापाशी उतरत होतं. डाग जिथे दिसतो तिथेच गळती असते असं नाही.

आता तू काय कर. गळती दिवसरात्र सारखीच असेल तर नळाच्या लाइनवर संशय घे. घराला स्वतंत्र मीटर असेल तर सगळे नळ बंद करून बघ. तरी आकडा सरकला तर पाणी कुठेतरी चाललंय. आंघोळीनंतरच ओल वाढत असेल तर सांडपाण्याची लाइन किंवा फरशी. मग ट्रॅप घट्ट बुजव, उंबऱ्यापेक्षा थोडं खालीच राहील इतकं पाणी भर, पातळीची खूण कर आणि 24 तास तसंच ठेव. सुरुवातीला आणि शेवटी खालच्यांना सोबत घे. दोघांनी मिळून पाहिलं की वाद निम्मा तिथेच मिटतो. खर्च कोणी किती द्यायचा ते कारण सापडल्यावरच बोला, आणि ठरेल ते कागदावर घ्या. विमा असेल तर आधी फोटो काढून कंपनीला कळवा, फोडाफोडी नंतर.

खालच्यांना आजच सांग, डागाजवळच्या दिव्यापंख्याचा एमसीबी, म्हणजे वीजपेटीतला त्या लाइनचा स्विच, पाडून ठेवा. ही एकच गोष्ट उद्यावर टाकू नकोस.

प्लंबर म्हणेल, खालून छतात भेगा बुजवणाऱ्या रसायनाचं इंजेक्शन मारून भागवू. ऐकू नकोस. वरची वाट तशीच राहिली तर पाणी दुसरीकडून फुटतं, आणि सळईपर्यंत पोचलं की ती गंजून फुगते, काँक्रीटच फोडते. रंगाचीही घाई नको. आम्ही छत वाळायच्या आत रंगवलं, महिन्याभरात पुन्हा सगळं सोललं.

आधी मात्र आज संध्याकाळी खाली जा आणि त्यांच्या छताखाली दोन मिनिटं उभा राहा. पाणी भरशील त्या दिवशी मी येतो. डागाभोवती रेघ ओढायला पेन्सिल घेऊनच येतो.

तुझाच,
जुना शेजारी